प्लायवुडची समुद्री टाकी कुजते म्हणे!

गोव्यातल्या मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: 'घरी प्लायवुड आणि फायबरग्लासची खाऱ्या पाण्याची टाकी करण्याच्या फंदात पडू नका. लाकूड आणि खारं पाणी यांचं कधी जमत नाही, त्यात गोव्याची दमट हवा, वर्षभरात कुजेल. दोन हजार लिटर पाण्याचा दाब प्लाय झेलणार नाही. फायबरचं रेझिन, म्हणजे काचेचे धागे ज्यात भिजवून कडक करतात ते रसायन, माशांना विष आहे. मोठी टाकी हवी तर अख्खी काचेचीच घ्या. पाण्याची चिंता नको, समुद्र दारात आहे, मिरामारवरून भरून आणा. पोवळ्याचे दगड ग्रांडे बेटाजवळ हवे तेवढे आहेत.'

आठ फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच अशी टाकी अख्खी काचेची करायची तर पगारदार माणसाला ते स्वप्नातही परवडत नाही. प्लाय आणि फायबर हाच त्याच्या आवाक्यातला मार्ग आहे. हा मेसेज वाचून लोकांनी आखलेले बेत गुंडाळून ठेवले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लाकूड आणि खारं पाणी यांचं जमत नाही, हे वाक्य निदान गोव्यात तरी कुणी लिहायला नको होतं. भारतीय नौदलाची 'म्हादई' ही शिडाची नौका आपल्या दिवाडी बेटावर बांधली गेली आणि २००९ साली नौदलात दाखल झाली. तिचा गाभा लाकडाचा, त्यावर फायबरग्लासचं कवच. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता. महासागर पालथे घातलेलं हे लाकूड आहे. आपली टाकी तर बैठकीच्या खोलीत एका जागी उभी राहणार.

लांब जायला नको असेल तर मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मालिमच्या धक्क्यावर जा. लाकडी ट्रॉलर ओढून वर घेतलेले असतात आणि ग्राइंडरने जुनं फायबर काढण्याचं काम चाललेलं असतं. एका ट्रॉलरचा तळ मी जवळून पाहिलाय. बोल्टच्या भोकाभोवती लाकूड काळं पडलेलं, मेस्तने पेचकस टेकवला तर भसकन आत गेला. त्याच फळीवर तिथून वीतभर अंतरावर, जिथे कवच अखंड होतं, तिथे पेचकस ठोकूनही जेमतेम ओरखडा उठला. एकच फळी, एकच समुद्र.

म्हणजे खरा प्रश्न पाणी लाकडापर्यंत कुठून पोचतं हा आहे. टाकीत त्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा पाइपाची भोकं. कवच चढवून झाल्यावर भोक पाडलं की प्लायची कापलेली कड उघडी पडते, आणि कडेने प्लाय टीपकागदासारखं पाणी ओढतो. म्हणून भोकं आधी पाडायची, लागतात त्याहून मोठी. ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) पूर्ण भरायची, वाळू द्यायची आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध हव्या त्या मापाचं भोक पाडायचं. आता भोकाच्या कडेला लाकूड उरतच नाही, सगळं रेझिन. दुसरी जागा आतले कोपरे. काचकापड, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, काटकोनात वळत नाही, मागे हवेचा फुगा राहतो आणि पुढे तिथेच चीर जाते. आधी इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून कोपऱ्यात गोल भर द्यायची, बाटली फिरवून ती गुळगुळीत करायची आणि मगच कापड चढवायचं. तिसरी जागा स्क्रूची डोकी, ती खोल बसवून वरून भरून घ्यायची. कुजलेल्या टाकीचे फोटो फिरत असतात, त्यात डाग कुठून सुरू झालाय ते नीट पाहा. भर भिंतीत सुरू झालेला मला तरी अजून दिसलेला नाही.

प्लाय घेताना दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. शीटवर आयएस ७१० हा शिक्का असला पाहिजे. या मरीन प्लायचं डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतं की नाही हे तपासलेलं असतं आणि लाकडावर कीडरोधक प्रक्रिया केलेली असते. आपल्याकडे दुसरा मुद्दाही महत्त्वाचा, कारण वाळवी बाहेरून येते, आतल्या फायबरचा तिच्यापुढे काही उपयोग नाही. बाहेरची बाजू, तळ आणि सगळ्या कडासुद्धा इपॉक्सीने बंद करून घ्या.

दमट हवेबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. फक्त धोका टाकी वापरताना नाही, बांधताना आहे. दमट हवेत इपॉक्सी वाळली की वर एक मेणचट साय येते. बोट फिरवलं तर साबण लागल्यासारखं बुळबुळीत लागतं. ती न धुता पुढचा थर मारला तर तो थर कधीच धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो आणि लोक लाकडाला दोष देतात. उपाय साधा आहे. कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन धुवायचं, पुसायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग पुढचा थर. फायबरचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच उरका, पावसाळ्यात हात लावू नका. आणि पहिला थर दुपार उतरताना द्या. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये टाचणीएवढी भोकं पाडते. ऊन उतरताना लाकूड थंड होत असतं, तेव्हा ते उलट रेझिन आत ओढून घेतं.

आता दाबाचा मुद्दा. पाण्याचा दाब लिटरवर ठरत नाही, खोलीवर ठरतो. ७५ सेंटिमीटर खोल पाणी भिंतीला जेवढं ढकलेल तेवढंच ढकलणार, मग समोरची भिंत चार फुटांवर असो की चाळीस. वर दिलेल्या मापाच्या टाकीत लांब भिंतीवर एकूण रेटा सुमारे ६९० किलोचा येतो, आणि तोही तळाशी जास्त, वर शून्य. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायला बाहेरून उभ्या पट्ट्या आणि वर एक भक्कम चौकट दिली की एवढा रेटा तो सहज झेलतो. चौकट नसेल तर भिंत मध्ये फुगते, प्लाय कितीही जाड घ्या. दर्शनी बाजूला चार पट्ट्या जोडून खिडकी करू नका. अख्ख्या शीटमधून खिडकी कापा, म्हणजे कोपरे अखंड राहतात. काच आतून बसवा. पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं आणि सिलिकॉनवर ताण येण्याऐवजी दाब येतो. सिलिकॉन बुरशीरोधक नको, ते बाथरूमसाठी ठीक.

रेझिनचं विष? कच्चं रेझिन विषारी आहेच, माशांनाही आणि तुम्हालाही. हातमोजे, मास्क आणि उघडी हवा यांत काटकसर करू नका. पण पूर्ण वाळलेलं रेझिन निष्क्रिय असतं. आपल्या शेजारी कारवारला केंद्र असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत समुद्री माशांची पैदास फायबरच्या टाक्यांतही होते. विष असतं तर तिथे पिल्लं जगली असती का? होडीवाले कारागीर मात्र सवयीने पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, म्हणजे काचेचे सुटे धागे डिंकाने चिकटवलेली चटई, वापरतात. लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते, तेव्हा आग्रह इपॉक्सीचाच धरा, आणि तिच्यासोबत मॅट न घेता विणलेलं काचकापड घ्या. नेहमीच्या मॅटचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. शेवटच्या थरानंतर निदान आठवडाभर थांबा, मग गोडं पाणी भरून काही दिवस ठेवा आणि ओतून द्या.

अख्खी काच चांगलीच, ज्याला परवडते त्याने घ्यावी. पण लाकूड काचेपेक्षा उष्णता कितीतरी कमी वाहून नेतं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं वीजबिल प्लायच्या टाकीत कमी येतं.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही तो धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. भरलेल्या टाकीत नुसतं पाणीच दोन टनांच्या वर, म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे किलोहून जास्त. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेला असतो. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर ही टाकी ठेवायची असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक बादलीही ओतू नका. तळमजला, थेट जमिनीवरची फरशी, ही तिची जागा.

आणि शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे. पावसाळ्यात नदीचं गोडं, गढूळ पाणी तिथे समुद्राला मिळतं आणि क्षारता कोसळते, माशांना लागते ती लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. नैसर्गिक पाणी घ्यायचंच असेल तर जानेवारी ते एप्रिलमध्ये, नदीमुखांपासून दूर, गाळून आणि क्षारता मोजून घ्या. नाहीतर तयार समुद्री मीठ, दोन हजार लिटरला सुमारे ७५ किलो. मिठागरातलं मीठ चालणार नाही. त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मीठ पिकताना बरंचसं मागे राहून जातं.

ग्रांडे बेटाजवळचं पोवळं उचलणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी पोवळी आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना.  गोव्याला पोवळ्यांचे थोडेच तुकडे मिळालेत, ते टाकीसाठी तोडायला सांगणाऱ्या मेसेजला पुढे पाठवू नका. दगड सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे घरी ओतता येतात. ते काही आठवडे पाणी बदलत भिजवायचे, चुन्याचा तिखटपणा उतरला की टाकीत घालायचे. त्यांवर माशांची घाण पचवणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासा सोडायचा नाही.