न्यूट्रलला जोडलं म्हणजे अर्थिंग झालं नाही

"जमिनीत पाइप किंवा प्लेट पुरायचा अर्थिंगचा खड्डा कशाला? डीबीत (घराच्या मुख्य वितरण पेटीत) न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडा. सब-बोर्डातही जोडा, डबल सेफ्टी. आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असेल तर अर्थिंग नकोच. नळाच्या पाइपला बांधलं तरी चालतं. फेज आणि अर्थमध्ये लावलेला बल्ब पेटला की अर्थिंग पक्कं." हा मेसेज, अमेरिकेतल्या जोडणीच्या व्हिडिओसकट, आता काकांकडे पोचलाय, आणि त्यांच्या नव्या घराचं वायरिंग चालू आहे.

आधी तो तुकडा. पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल सुटला की करंट गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रल पट्टीवर येतो. पुढे वाट बंद, म्हणून तुकड्यावरून अर्थ पट्टीवर, आणि तिथून फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, सगळ्यांच्या बॉडीवर. 2000 वॅटच्या कॉइलचा रोध जेमतेम 26 ओम, तो काय अडवणार? खड्डा नसेल तर हात लावणाऱ्याला जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट. लाइनमनने फेज-न्यूट्रल उलटे बांधले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. तुकडा आरसीसीबीच्या आधी असेल तर तिला पत्ताच लागत नाही, कारण तिच्यातून गेलेला करंट तिच्यातूनच परत आलेला असतो.

सब-बोर्डातली 'डबल सेफ्टी' आणखी भारी. खड्डा असलेल्या घरात न्यूट्रलचा थोडा करंट हिरव्या अर्थ तारेने जमिनीत जातो, गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमधली तफावत 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आतच आरसीसीबी पडू शकते. मग 'पीसच खराब आहे' म्हणत वायरमन ती बायपास करून मोकळा.

अमेरिकेत मेन पॅनेलमध्ये ही जोडणी करतात, हे खरं. पण तिथेही जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड लागतोच, आणि सब-पॅनेलमध्ये दोन्ही पट्ट्या वेगळ्याच ठेवतात. व्हिडिओचा तेवढा भाग कापला गेलेला दिसतो.

आरसीसीबी विरुद्ध अर्थिंग हा वादच चुकीचा. खड्ड्याचा रोध 5 ओम धरला तरी बॉडीला फेज लागल्यावर 46 अँपिअरच वाहतो. 16 अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात. म्हणून आरसीसीबी हवीच. पण अर्थिंग नसेल तर तिला पाडणारा करंट माणसाच्या अंगातून जावा लागतो.

अर्थिंगचं भारतीय मानक आयएस 3043 नुसार खड्ड्यातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप किमान 38 मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब. प्लेट 60 बाय 60 सेंमी, जीआय असेल तर 6.3 मिमी जाड, वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. सब-बोर्डाला 6 चौरस मिमीचा फेज गेला असेल तर तांब्याची हिरवी तारही 6 चीच, मेनच्या अर्थ पट्टीपासून थेट.

आता बल्बची चाचणी. 100 वॅटच्या बल्बचा रोध सुमारे 529 ओम. खड्डा 50 ओमचा, म्हणजे भिकार असला, तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. म्हणून खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजा. नळाच्या पाइपबद्दल काय बोलायचं, भिंतीत सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक आहे!