एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : पट्टा, मोटर आणि लागलेला वेळ

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाबांचं लाकूडकामाचं मशीन, रंधा आणि करवत एकाच शाफ्टवर असलेलं, मिळायला उशीर झाला, तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही लिहिलंय, "एक पट्टा बदलायला महिना लावला, सांगितल्याच्या दुप्पट पैसे घेतले, आणि बाबांनी तीस वर्षं ज्यावर काम केलं ते मशीन धोकादायक आहे असं वर आम्हालाच ऐकवलं." यातलं शेवटचं फार लागलं. बाबांच्या मशीनला मी धोकादायक म्हटलेलं नाही. त्यांच्या माघारी त्यावर जी मोटर बसवली गेली, तिला म्हटलं होतं, आणि आजही म्हणेन.

पट्ट्याचंच आधी सांगतो. मशीन आमच्याकडे आलं ते 'नवीन पट्टा टाकला तरी जळतो' या तक्रारीवर. पट्टा उगाच जळत नाही. मोटरच्या प्लेटवर २८८० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, असं होतं. पुली, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो ते चाक, मात्र जुन्या मोटरचीच ठेवलेली, आठ इंची, आणि रंध्याच्या ब्लॉकवर, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळावर, तीन इंची. ही जोडी १४४० च्या मोटरची आहे. तिच्यावर ब्लॉक मिनिटाला साधारण ३८४० फेरे घेतो, आणि रंधा, करवत दोन्हींना तो वेग बरोबर आहे. त्याच पुलीवर २८८० ची मोटर लावली की फेरे होतात ७६८०. तिथवर पोचतानाच पट्टा घसरायचा, तापायचा आणि जळायचा. तो जळत होता म्हणून कोणाला इजा झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग दुप्पट झाला की पात्यांना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. ब्लॉकमधली पाती नुसती पाचर आणि बोल्ट यांच्या आवळण्यावर बसलेली असतात, आणि तुमच्या ब्लॉकच्या दोन बोल्टांचे आटे गेलेले होते. त्याच शाफ्टच्या टोकाला दहा इंची करवतीचं पातं. ७६८० फेऱ्यांना त्याचे दात ताशी ३६० किलोमीटरच्या वर धावतात. पात्यावर छापलेली कमाल मर्यादा याच्या बरीच खाली होती. हे सगळं तुमच्या बंधूंना मशीनपाशी उभं करून दाखवलं होतं.

मग महिना कुठे गेला? मोटर परत होणार नाही असं दुकानदार म्हणाला, त्यामुळे पुली बदलणं आलं. आठच्या निम्मी, चार इंची पुली लावली की ब्लॉक पुन्हा ३८४० वर येतो. ती बाजारात मिळते, पण तिचं भोक आणि चावीचा गाळा (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून चावी बसते ती खाच) मोटरच्या शाफ्टप्रमाणे लेथवर करून घ्यावा लागतो. लेथवाले भोसरीला, आणि गुरुवारी तिथली एमआयडीसी बंद. पुली लहान झाली म्हणजे पट्टाही आखूड लागतो, त्यामुळे तुम्ही आणून दिलेला पट्टा बसला नाही. तो तसाच परत दिलाय. ब्लॉक उघडल्यावर दोन्ही बेअरिंगं वाजत होती. पाती टिंबर मार्केटमधून धार लावून आणली, ती एका वजनाची आहेत का ते तोलून बघितलं, कारण एक जरी जड राहिलं तरी ब्लॉक थरथरतो आणि नवी बेअरिंगं पुन्हा जातात.

आणि एक गोष्ट इथे लिहायची नव्हती, पण महिन्याचा हिशोब तुम्ही सगळ्यांसमोर मांडलात म्हणून लिहितो. खर्च वाढणार हे मी फोटोंसकट व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. तुमच्याकडे बाबांचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून होकारासाठी मी मागे लागलो नाही. ते दिवसही माझ्याच नावावर धरले गेले. पैशांचं म्हणाल तर फोनवर सांगितलेला आकडा मशीन न बघता सांगितलेला, पट्टा आणि बेअरिंगचा होता. पुली, स्टार्टर, गार्ड (पात्यांवरचं संरक्षक झाकण) यांची बिलं तुमच्या फाइलला लावलेली आहेत.

गार्ड आम्ही जबरदस्तीने गळ्यात मारला असंही खाली एका कमेंटमध्ये आलंय. फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या उभ्या पट्टीच्या, मागे गार्डचा मूळ ब्रॅकेट आहे, त्याचे आटे शाबूत आहेत आणि त्यांना ग्रीस लावलेलं होतं. न वापरायच्या आट्यांना कोणी ग्रीस लावत नाही. बाबा गार्ड वापरत होते, ताई. तो नंतर कुठे गेला ते मला माहीत नाही. करवतीच्या मागची सुरीही नव्हती. चिरलेलं लाकूड पात्यावर मिटून मागे माणसाच्या अंगावर उडू नये म्हणून ती असते. आम्ही ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि कापाच्या रुंदीहून पातळ अशी करून, दातांपासून आठ मिलिमीटरच्या आत बसवली आहे. साधा स्विच काढून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर टाकला. लाइट जाऊन परत आली तर मशीन आता आपोआप सुरू होणार नाही, हिरवं बटण दाबावंच लागेल. कारखान्यांना फिरते भाग झाकायची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ नेच केली होती. घरच्या गॅरेजला असला कायदा लागत नसेल, पण बोटं घरीही तीच असतात.

मशीन न्यायला आल्यावर तुमच्या बंधूंनी गार्ड वर करून फळी ब्लॉकवर घातली आणि "बाबा असंच करायचे" म्हणाले. मी मेन बंद केला आणि माझा आवाज चढला. हात पात्यांपासून वीतभरही लांब नव्हता. यालाच तुम्ही 'ऐकवलं' म्हणत असाल तर मला त्यावर दुसरं काही सांगता येणार नाही.

टेबल साफ करताना बिडावरचा गंज रॉकेलने काढला, पण फेन्सच्या मागे बाबांनी पेन्सिलीने लिहिलेली मापं आहेत, तिथे पोरांना हात लावू दिला नाही. रंगही त्या जागेपुरता दिलेला नाही. बघितलं असेल तर कळेल.

धायरीतलं आमचं वर्कशॉप लहान आहे, दोन पोरं कामाला आहेत. नवीन माणूस फोन करायच्या आधी हे स्टार बघतो. तुम्हाला योग्य वाटलं तर रिव्ह्यूचा एकदा विचार करा, आग्रह नाही. आमच्याकडूनही यापुढे अंदाज लेखी देणं, काम कुठवर आलं ते कळवत राहणं, हे जमेल तसं सुरू करतोय.

पाती नवी बसवल्यावर थोडं काम झालं की बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. मी घरी येऊन आवळून देईन, पैसे नाहीत. गुरुवार सोडून कधीही सांगा. तोवर रुंद फळ्या घेऊ नका, आणि गार्ड खालीच राहू द्या.

आपला,
वर्कशॉपचा मालक