स्कोपसचा अर्ज राहू द्या, आधी जर्नलची वेबसाइट उघडा

"आमचं जर्नल स्कोपसमध्ये कसं जाईल?" हा प्रश्न बहुतेक वेळा दुसरा अंक निघायच्या आतच विचारला जातो. स्कोपस म्हणजे निवडक संशोधन जर्नल्स आणि त्यांतले निबंध नोंदवणारी सूची. खरं उत्तर कुणालाच आवडत नाही: दोन वर्षं तिकडे फिरकू नका. स्कोपसला किमान दोन वर्षांचा प्रकाशनाचा इतिहास लागतोच, आणि त्या दोन वर्षांत काय केलं यावर पुढचं सगळं ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कितीतरी जर्नल्स त्यातला एकही शोधनिबंध कुणी नीट वाचायच्या आधीच बाद होतात. बाद होतात ती वेबसाइटवरच्या गबाळेपणामुळे.

वेब ऑफ सायन्स या अशाच दुसऱ्या सूचीची पद्धत बघा. त्यांचे एकूण 28 निकष आहेत, 24 दर्जाचे आणि 4 प्रभावाचे. पण पहिल्या चाळणीत बघतात काय? आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), जर्नलचं नाव, प्रकाशक कोण, मजकूर उघडतो का, पीअर रिव्ह्यूचं, म्हणजे निबंध त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचं, धोरण लिहिलंय का, संपर्काचा पत्ता आहे का. दुसऱ्या चाळणीत शीर्षक आणि सारांश इंग्रजीत आहेत का, संदर्भतपशील रोमन लिपीत आहेत का, अंक वेळेवर निघतात का, संपादकांच्या आणि लेखकांच्या संस्था दिल्यात का. या दोन चाळण्यांत अडकलात तर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो. तिसऱ्या, म्हणजे संपादकीय मूल्यमापनाच्या पायरीवर नापास झालात तर किमान दोन वर्षं दार बंद. म्हणून घाईचा अर्ज महागात पडतो.

आयएसएसएनपासूनच घोळ सुरू होतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो; वेबसाइटवर फक्त छापील आवृत्तीचा टाकून मोकळं होणारे पुष्कळ. दुसरा घोळ नावाचा. नोंदणी एका नावाने, आणि पुढे कुणाला तरी 'इंटरनॅशनल' शब्द जोडावासा वाटला. नावात असा मोठा बदल केला की नवा क्रमांक घ्यावा लागतो. डीओएजे ही मुक्त प्रवेश, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नल्सची सूची. डीओएजेवाले तुमचं नाव आयएसएसएन पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून बघतात, तेव्हा हे लगेच उघडं पडतं. क्रमांक टंकताना चुकलाय का, हे तर कागदावरही कळतं. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे 8, 7, 6 असं करत 2 पर्यंत गुणा, बेरीज करा, 11 ने भागा आणि बाकी 11 मधून वजा करा. 0378-5955 घ्या: बेरीज 160, बाकी 6, उत्तर 5. शेवटचा अंक 5 च आहे. उत्तर 10 आलं तर तिथे एक्स हे अक्षर येतं, त्याला छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरला 'आम्हाला घ्या' म्हणून विनवण्या करण्यात अर्थ नाही. तिथे दर्जा तपासणारी समिती नाही, क्रॉलर, म्हणजे वेबसाइटची पानं आपोआप वाचत जाणारा प्रोग्रॅम, आहे, आणि त्याला तुमचं पान वाचता आलं पाहिजे. प्रत्येक शोधनिबंधाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पीडीएफ हवी. सगळा अंक एकाच 180 पानी पीडीएफमध्ये चिकटवला असेल तर आतले बारा निबंध स्कॉलरच्या लेखी जवळजवळ नाहीतच. फाइल 5 एमबीच्या आत ठेवा. सारांश लॉगिनशिवाय दिसला पाहिजे. पानाच्या मेटा टॅगमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या, यंत्रासाठीच्या नोंदीत) शीर्षक, लेखक, तारीख आणि पीडीएफचा दुवा हवा, आणि प्रत्येक लेखकाला वेगळा टॅग. 'व इतर' लिहिलंत तर बाकीचे लेखक गेलेच म्हणून समजा. ओपन जर्नल सिस्टिम्स हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर वापरलंत तर हे टॅग आपोआप बनतात. हाताने रचलेल्या साध्या वेबसाइटचा अट्टहास मला तरी समजत नाही.

रोमनेतर लिपीत छापणाऱ्यांनी एक चाचणी आत्ता करावी. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहे. डोळ्याला ती सुबक मराठी आहे, यंत्राला कचरा. स्कॅन केलेल्या पानांचं तर विचारूच नका, तिथे मजकूरच नाही. शिवाय स्कोपसला संदर्भसूची रोमन लिपीत लागते. ती अर्ज करायच्या आठवड्यात बसून लिप्यंतरित करण्यापेक्षा लेखकांकडून पहिल्या अंकापासूनच तशी मागून घेतलेली बरी.

डीओआयबद्दल गैरसमज असा की तो घेतला म्हणजे जर्नलला दर्जा आला. डीओआय हा निबंधाचा कायमचा पत्ता, बाकी काही नाही. आणि तो पत्ता कायम ठेवणं तुमच्या हातात असतं. वेबसाइट बदलली, दुवे बदलले, पण डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफकडे नवे दुवे कळवले नाहीत, की सगळे जुने डीओआय 'पान सापडत नाही' वर जाऊन आदळतात. निबंधांची नोंद करताना संदर्भसूचीही भरा. ती नसेल तर कोणी कोणाला उद्धृत केलं याची साखळी तिथेच तुटते. आणखी एक गोष्ट, जी मागच्या तारखा टाकून अंक चढवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी: डीओआयची नोंद कधी झाली ती तारीख क्रॉसरेफवर कुणालाही दिसते. त्रैमासिकाचे चारही अंक एकाच दुपारी उगवले असतील तर ते लपत नाही.

डीओएजेचा अर्ज विनामूल्य आहे आणि माझ्या मते मुक्त प्रवेश जर्नलने सुरुवात तिथूनच करावी. नव्या जर्नलला एक वर्षाहून जास्त इतिहास किंवा किमान 10 मुक्त शोधनिबंध लागतात, आणि पुढे वर्षाला किमान 5 निबंध. शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात संपादक, मंडळाचे सदस्य किंवा समीक्षक यांचे निबंध 25 टक्क्यांच्या वर नकोत. घरच्याच माणसांनी पानं भरलेली जर्नल्स इथे अडकतात. पण सगळ्यात हमखास चूक परवान्याची. वेबसाइटवर क्रिएटिव्ह कॉमन्स (मजकूर इतरांना वापरू देणारा परवाना), पीडीएफच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव', आणि लेखकाकडून घेतलेल्या करारात तिसरंच काहीतरी. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य ठेवा. शुल्क घेत असाल तर आकडा लिहा, घेत नसाल तर 'घेत नाही' असंही लिहा. गप्प बसणं हे उत्तर धरलं जात नाही. अर्ज नाकारला गेला तर साधारण सहा महिने थांबावं लागतं.

आता त्या रंगीत लोगोंच्या पट्टीबद्दल. कुठल्या कुठल्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'चे बिल्ले मुखपृष्ठावर लावलेले असतात. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या निबंधांना सरासरी किती वेळा उद्धृत केलं जातं याचा आकडा, फक्त क्लॅरिव्हेट ही वेब ऑफ सायन्स चालवणारी कंपनी काढते. बाकी बिल्ले जर्नलची लाज काढतात, आणि डीओएजेसाठी तर ते नाकारण्याचं कारण ठरतं. तसेच 'गॅरंटीड स्कोपस' विकणारे दलाल. स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि डीओएजे, तिघंही मूल्यमापनाचे पैसे घेत नाहीत. मग दलाल नेमकं काय विकतो?

आत गेल्यावरही निवांत बसता येत नाही. 2023 च्या मार्चमध्ये क्लॅरिव्हेटने 50 हून जास्त जर्नल्स वेब ऑफ सायन्समधून काढल्याचं जाहीर केलं. विशेषांकांचा भडिमार, विषयाशी संबंध नसलेले निबंध, 'आमच्या जर्नलचे चार संदर्भ घाला' असा लेखकांवर दबाव, हे सगळं नंतरही तपासलं जातं.

अर्ज करायचाच असेल तर आधी एक काम करा. जर्नलशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला वेबसाइटचा पत्ता द्या आणि दहा मिनिटांत पाच गोष्टी शोधायला सांगा: समीक्षा कशी होते, संपादक कोणत्या संस्थेत आहेत, शुल्क किती, परवाना कोणता, मागचा अंक कधी आला. त्याने एकदा जरी फोन करून "हे कुठे लिहिलंय?" असं विचारलं, तर अर्ज पुढच्या महिन्यावर ढकला.