'ऊन असताना पाण्यातून बाहेर काढलं' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

गोव्यातल्या सावरी धबधब्याच्या सहलीवरचा आपला रिव्ह्यू वाचला. सुट्टीच्या दिवसाचा विरस झाला, जेवणही कोमट मिळालं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. एक स्टार देणं हा आपला अधिकार. पण 'डोक्यावर लख्ख ऊन होतं, तरी गाईडने मनाला वाटलं म्हणून २५ मिनिटांत बाहेर काढलं, माणशी १८०० रुपये वाया गेले' हे वाक्य फार लागलं. ते वाचून उद्या दुसरा कोणी गाईडच्या शिट्टीला जुमानणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऊन सावरीच्या डोहावर होतं. डोहात पाणी येतं ते वरच्या घाटाकडून. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असाच असतो. सकाळ कोरडी, बारानंतर घाटावर ढग जमतात, गडगडतं, आणि थोड्याच वेळात ते पाणी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली उतरतं. खाली थेंबही पडलेला नसतो. म्हणूनच बुकिंगच्या मेसेजमध्ये मडगावचा पिकअप सकाळी ७ चा लिहिलेला आहे. सातला निघालं की साडेआठला नेत्रावळी अभयारण्याचं वन खात्याचं नाकं, नोंद करून नऊला चालायला सुरुवात, पावणेदहाला डोह. तिथून पावणेबारापर्यंत दोन तास निवांत पोहायचं. जाहिरातीतले दोन तास ते हेच.

आपला गट हॉटेलमधून खाली आला तेव्हा सव्वानऊ झाले होते. सुट्टीत उशीर होतो, आम्ही चकार शब्द काढला नाही. वाटेत केपेला नाश्त्याला आणखी पस्तीस मिनिटं गेली. नाक्यावर ११.२०, आणि जॅकेट चढवून पाण्यात उतरेपर्यंत १२.४०. म्हणजे रोज ज्या वेळी गट परतीच्या वाटेला लागलेला असतो, त्या वेळी आपण पाण्यात पाय घातला.

आता १.०५ ची शिट्टी. गट उतरला की गाईड पाण्याच्या कडेला एक चपटा दगड मांडून ठेवतो. शिट्टीआधीच्या दहा मिनिटांत तो दगड बुडाला, पाणी चार बोटं वर आलं. धारेखालचा पांढरा फेस तांबूस झाला, मागोमाग पानं आणि काटक्या वाहून आल्या. यातली एक खूण दिसली तरी माणसं बाहेर घ्यायची असतात, इथे तिन्ही होत्या. आणि डोहापेक्षा मोठी भीती असते ती परतीच्या वाटेवरच्या व्हाळाची. जाताना घोट्याएवढा असलेला व्हाळ येताना आपल्या गुडघ्याला लागत होता, हे आपल्याला आठवत असेल. तेच वाहतं पाणी मांडीपर्यंत चढलं की धडधाकट माणसाचे पाय सुटतात, मग दोर बांधूनही आम्ही कोणाला उतरवत नाही. पाणी ओसरेपर्यंत पलीकडे बसून राहायचं, काळोख पडला तरी. अर्ध्या तासाच्या पोहण्यासाठी सहा जणांना तिथे अडकवायचं का?

'गाईड खेकसला' असंही लिहिलंत. फोटोसाठी आपल्यातले दोघे जॅकेट काढून पिवळ्या दोराच्या पलीकडे, थेट धारेखाली निघाले होते. धारेखालच्या पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की अंग नीट तरंगत नाही, आणि वरून पडणारं पाणी माणसाला पुन्हा खाली दाबतं. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो. त्या आवाजात हळू सांगितलेलं ऐकू जात नाही, ओरडावंच लागतं. तो नेत्रावळीचाच मुलगा आहे, त्याला उर्मट म्हटलेलं वाचून वाईट वाटलं.

जळवांचं म्हणाल तर रक्त बराच वेळ थांबलं नाही, पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून ते वाहत राहतं. जळू ओढून काढायची नाही, बारीक टोकाकडून नखाने सरकवायची, जागा साबणाने धुवायची आणि कापड घट्ट दाबून धरायचं. लांब मोजे आणायला सांगितलं होतं ते यासाठीच. आखूड मोज्यांवर मीठ चोळलं तरी दुसऱ्या ओढ्यात ते धुऊन जातं.

१८०० रुपयांत मडगावहून जाऊन-येऊन जीप, वन खात्याची फी, सहा जणांमागे दोन गाईड, जॅकेटं आणि जेवण असतं. जेवण साडेबाराच्या बेताने गावातल्या घरी रांधलेलं होतं, आपण पानावर बसलात तीनला. हुमण, म्हणजे माशाची आमटी, पुन्हा पुन्हा उकळलं की मासा मोडतो, म्हणून ते फक्त कोमट केलं. भात आणि सोलकढी तरी आवडली असेल अशी आशा आहे.

जुलै २०२३ मध्ये याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर पर्यटक बुडाले, आणि वन खात्याने धबधबे बंद केले. पोट या वाटेवर असलेल्यांना तेव्हा घरी बसावं लागलं. एका गटाची चूक सगळ्या गावाला भोवते, म्हणून शिट्टीच्या बाबतीत आम्ही कोणाचंच ऐकत नाही, पैसे भरलेल्यांचंही नाही.

तरीही आपलं म्हणणं मनावर घेतलं आहे. पिकअपची वेळ आदल्या रात्री फोन करून सांगायची व्यवस्था करतो, जेवण गरम राहण्याचंही काहीतरी बघतो. डिसेंबरात परत यायचं झालं तर जरूर कळवा. धार बारीक असते, पण पाणी नितळ आणि दुपारचा पाऊस सहसा नसतो, दोन तास आरामात पोहता येईल. पिकअप सातलाच राहील.

आपला,
व्यवस्थापक