बंबावरचा चौथा माणूस

मोठी आग लागली की तिकडे महाराष्ट्रात आठवडाभर यंत्रांची चर्चा रंगते. शिडी किती मीटरची, रोबो कुठे होता, किती कोटी मंजूर झाले. मुंबईच्या ९० मीटर उंच जाणाऱ्या गाडीचं कौतुक घरोघरी झालं. आपल्या नगरपालिकेच्या बंबावर वर्दीला, म्हणजे आगीची खबर आल्यावर, किती जण निघतात, हे मात्र फारच थोड्यांना सांगता येईल.

इकडे अमेरिकेत अग्निशामकांच्या संघटनेचा, म्हणजे आयएएफएफचा (स्थापना १९१८), निम्मा झगडा याच आकड्यावर चालतो. एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं १७१० हे मानक गाडीवर चार माणसं मागतं. शिवाय ओशाचा, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, नियम आहे : धुराच्या घरात दोघं आत शिरले, तर बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या टाकीचं श्वसनयंत्र) घेऊन दोघं बाहेर सज्ज हवेत. अनेक राज्यांनी तो नगरपालिकांनाही लावलाय. तिघंच आले तर दोघं आत गेल्यावर बाहेर एकच उरतो. मग कोणी अडकल्याची खात्री नसेल, तर दुसरी गाडी येईपर्यंत बाहेरूनच पाणी मारायचं. २०१० साली एनआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेने साध्या घराच्या आगीवरची २२ कामं घड्याळ लावून मोजली. चौघांच्या तुकड्यांनी ती तिघांपेक्षा पाच आणि दोघांपेक्षा सात मिनिटं आधी संपवली.

मानक म्हणजे कायदा नव्हे, हे इथल्या संघटनांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या ‘गाडीवर किमान चार’ हे कलम शहराबरोबरच्या करारात घालून घेतात. पैशाचं काय, तर इथल्या केंद्र सरकारचं ‘सेफर’ अनुदान भरतीसाठीच आहे. नव्या माणसाच्या पगार-भत्त्यांचा ७५ टक्के भार पहिली दोन वर्षं आणि ३५ टक्के तिसऱ्या वर्षी केंद्र उचलतं. आधीची पदं कमी करून हा पैसा तिथे वळवता येत नाही. खरी मेख चौथ्या वर्षी. अनुदान शून्यावर येतं, शहराने तरतूद केलेली नसते, आणि ज्यांना घेतलं त्यांच्याच कपातीची बोलणी सुरू होतात. २०२४ च्या कायद्याने योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढली खरी, पण मुदत म्हणजे पैसा नाही. तो दरवर्षी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नव्याने मंजूर करावा लागतो.

आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये आली. बहुतेक राज्यांनी २५ टक्के घालायचे, आणि ५०० कोटी कायदेशीर सुधारणांसाठी बक्षीस म्हणून राखलेले. अग्निशमन केंद्रं, उपकरणं, प्रशिक्षण या सगळ्याला पैसा आहे, पगाराला नाही. पगार नगरपालिकेने द्यायचा, आणि तिथे आस्थापना खर्चाची (पगार-भत्त्यांची) ३५ टक्क्यांची मर्यादा आडवी येते. मर्यादा ओलांडली की आकृतिबंधातली, म्हणजे पदांच्या सरकारमान्य यादीतली, मंजूर पदंही कागदावरच राहतात. गाडी नवी कोरी, आणि तिच्यावर कंत्राटी मुलं.

हिशेब फार अवघड नाही. आठवड्याचे तास १६८, ड्युटी ४८ तासांची. म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला साडेतीन माणसं. सहा जागांच्या गाडीला २१, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की आणखी. गाडीच्या खरेदीच्या प्रस्तावाला हा आकडा जोडल्याशिवाय तो मंजूरच करू नये, असं माझं मत.

संपाच्या बाबतीत तर इथला सौदा मला जास्त सरळ वाटतो. बहुतेक राज्यांत अग्निशामकांना संप करता येत नाही, पण काही राज्यांत त्याची भरपाई मिळते. मिशिगनच्या १९६९ च्या कायद्यात बोलणी फिसकटली की तिघांचं लवाद मंडळ बसतं आणि पैशाच्या प्रत्येक मुद्द्यावर दोन बाजूंपैकी एकीचाच अखेरचा प्रस्ताव जसाच्या तसा उचलतं. मधला आकडा काढायची सोय नाही, त्यामुळे दोन्ही बाजू अवास्तव मागायला कचरतात. सगळीकडे असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी नोकरांशी सामूहिक करार करायलाच बंदी आहे. ओहायोत २०११ मध्ये अग्निशामकांचेही हक्क छाटणारा कायदा झाला, तर मतदारांनी त्याच वर्षी सार्वमतात तो उडवून लावला. आपल्याकडचा मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, संप रोखतो, पण बदल्यात असा मुदतबंद, बंधनकारक निवाडा देत नाही. अर्धाच सौदा झाला हा.

आणि कर्करोग. अग्निशामकाचं काम कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं. कॅलिफोर्नियाने १९८२ पासूनच सिद्ध करण्याचं ओझं फिरवलंय : ठरावीक अटींत बसणाऱ्या जवानाला कर्करोग झाला तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं, नसेल तर मालकाने दाखवावं. तरीही इथल्या संघटना सभासदांना प्रत्येक आगीची नोंद ठेवायला सांगतात : तारीख, काय जळत होतं, किती वेळ आत होतो, बीए सेट कधी काढला. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा, कारण आग विझल्यावर राख उपसताना सेट उतरवला जातो आणि धुमसता वायू तेव्हाच छातीत जातो. आपल्या केंद्रांवरच्या वर्दीच्या नोंदवहीत एवढे चार रकाने आखायला ना अनुदान लागतं, ना आकृतिबंधाची मंजुरी.