शिंकोटीगची शिंक

27 ऑक्टोबर 2014 ही तारीख मी रजेच्या हिशेबात लाल शाईने लिहून ठेवली आहे. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या डब्यात भरून, अर्ध्या दिवसाची रजा उडवून आणि तीन तास गाडी हाकून मी व्हर्जिनियाच्या शिंकोटीग बेटावर गेलो. तेथून जवळच्या वॉलॉप्सहून एका खासगी कंपनीचे अँटारिस रॉकेट अवकाश स्थानकाचे सव्वादोन टनांच्या आसपास सामान घेऊन निघणार होते.

सोबत मित्राचे वडील होते. काका सांगलीचे, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. त्यांना जगातले कोणतेही वाहन आगारातूनच सुटल्यासारखे दिसते.

"गावाच्या नावातच शिंक, आणि इथून शुभकार्याला निघायचे?" पाटी वाचताच ते म्हणाले.

सुटायला दहाच मिनिटांची मुभा का, हे मी त्यांना समजावले: पृथ्वी फिरत असल्याने स्थानकाची कक्षा ठरावीक वेळीच या जागेवरून जाते, आणि स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने धावत असते. काकांनी चकली मोडायची थांबवली. "म्हणजे इथे स्टेशनच पळते, आणि गाडीने ते पकडायचे? चौतीस वर्षांत असले वेळापत्रक पाहिले नाही. इंजिन तरी नवे आहे ना?" सोव्हिएत संघाच्या चांद्र रॉकेटासाठी चाळीसेक वर्षांपूर्वी बनलेली इंजिने दुरुस्त करून बसवली आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. "ओव्हरहॉल," काका गंभीर झाले. "पहिल्या घाटात कळेल."

घाटापर्यंत प्रकरण गेलेच नाही. किनाऱ्यापासून सुमारे चाळीस मैलांवर, जहाजांना मज्जाव केलेल्या पट्ट्यात, एक शिडाची होडी शिरली होती. उपग्रह, रडार, नासा, सगळे हात चोळत बसले आणि फेरी रद्द झाली. काकांना गहिवरून आले: "फलाटावर आडव्या पडलेल्या म्हशीसाठी मी तासगाव गाडी दहा मिनिटे थांबवली होती, तेव्हा मला मेमो मिळाला." मला मात्र हसू येत नव्हते. त्या होडीवाल्याने इशारा वाचला असता, तर माझी अर्धी रजा वाचली असती. परतीच्या रांगेत दीड तास मी त्याच्या शिडाला मनातल्या मनात भोके पाडत होतो.

नवी वेळ मंगळवारी 6 वाजून 22 मिनिटांची, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा 23 मिनिटे आधी. दुसरी रजा मिळणे शक्यच नव्हते, म्हणून मी संगणकावर पाहिले. रॉकेट वेळेवर सुटले, सुमारे पंधरा सेकंदांत बुडाशी स्फोट झाला आणि ते खाली कोसळून तळाशेजारीच पेटले.

लगेच काकांचा फोन आला.

"माणसे?"

"कोणालाही इजा नाही, काका."

ते क्षणभर थांबले. "आणि तो होडीवाला? काल नको तेव्हा तडमडला. आज हवा होता, तर नेमका आला नाही."