उलटी टेप आणि सुलटा निकाल

"हेवी मेटलची गाणी उलटी वाजवली की सैतानाचे आदेश ऐकू येतात, हे अमेरिकेतल्या कोर्टात सिद्ध झालं आहे. ज्युडास प्रीस्ट बँडमुळे दोन मुलांनी जीव दिला. ही गाणी ऐकणारी मुलं व्यसनी आणि हिंसक होतात, बोटांची शिंगं करून सैतानाला सलाम करतात. हे संगीत नव्हे, गोंगाट आहे आणि आपल्या संस्कृतीत बसत नाही. प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा."

व्हॉट्सॲपवरचा हा मजकूर तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. मला तो मावशीकडून आला. डिसेंबरात मी २०२४ मधल्या आवडत्या मेटल आणि पंक (दोन्ही कडक गिटारवाल्या रॉकचे प्रकार) अल्बमची यादी भावंडांच्या ग्रुपवर टाकली होती. पहिला नंबर ज्युडास प्रीस्टच्या 'इन्व्हिन्सिबल शील्ड'ला दिला होता. सोळा वर्षांच्या मावसभावाने तो अल्बम मोठ्याने लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे हेडफोन कपाटात गेले. मला फॉरवर्ड आला, खाली ओळ होती, "तू तरी शिकलेला आहेस ना?" आहे, म्हणूनच उत्तर देतोय.

आधी ते कोर्ट, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. खटला खरोखर झाला होता, नेवाडातल्या रीनो शहरात, १९९० च्या उन्हाळ्यात. डिसेंबर १९८५ मध्ये शेजारच्या स्पार्क्समध्ये दोन तरुणांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. एक तेव्हाच गेला, दुसरा तीन वर्षांनी. घरच्यांनी बँडवर आणि सीबीएस रेकॉर्ड्सवर दावा लावला. म्हणणं असं की १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास' अल्बममधल्या एका गाण्यात 'डू इट' हे शब्द लपवलेले आहेत. गाण्याच्या उघड शब्दांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण होतं, त्यामुळे वकिलांना लपलेलेच शब्द शोधावे लागले. गंमत म्हणजे ते गाणं मुळात प्रीस्टचं नव्हतंच. स्पूकी टूथ या जुन्या ब्रिटिश बँडचं गाणं प्रीस्टने नव्याने गायलं होतं.

आणि शब्द तरी काय, तर 'डू इट'. कर. काय कर? ते टेप सांगत नाही. आमच्या घरी हाच आदेश दिवसभर दिला जातो, तोही न लपवता, आणि तरी कुणी जागचं हलत नाही.

ज्युरी नव्हती, निकाल न्यायाधीश जेरी कार व्हाइटहेड यांनी दिला. तारीख २४ ऑगस्ट १९९०. निकाल बँडच्या बाजूने लागला. हे वाक्य फॉरवर्डमधून नेमकं गळलंय. न्यायाधीशांनी सांगितलं की तो आवाज मुद्दाम घातल्याचं सिद्ध होत नाही, गायकाने सोडलेला श्वास आणि गिटारचा सूर योगायोगाने एकावर एक पडले आहेत. पुढे हेही सांगितलं की असा आवाज मनाने टिपला असं धरलं, तरी त्यामुळे माणूस एवढं टोकाचं पाऊल उचलतो हे समोर आलेल्या संशोधनातून सिद्ध होत नाही. म्हणजे जे 'सिद्ध झालं' म्हणून फिरवलं जातंय, तेच सिद्ध झालं नाही असं त्या निकालात लिहिलेलं आहे.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. 'डू इट'सारखं काहीतरी ऐकू येतं, हे न्यायाधीशांनी मान्य केलं होतं. लपवलेल्या संदेशाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही, असंही त्यांनी आधीच ठरवलं होतं. शिवाय मूळ टेप देण्यात टाळाटाळ केली म्हणून रेकॉर्ड कंपनीला ४०,००० डॉलर भरायला लावले. कंपनी काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पण म्हणून सैतान टेपमध्ये शिरत नाही.

उलट्या टेपचं उत्तर तर खुद्द गायक रॉब हॅलफर्डनेच दिलं. त्याने स्टुडिओत बसून आपलीच गाणी उलटी वाजवली आणि त्यात काय काय सापडलं ते कोर्टाला ऐकवलं. "आई, माझी खुर्ची मोडली" असं काहीतरी निघालं, पेपरमिंटची गोळी मागणारं एक वाक्यही निघालं. काय ऐकायचं हे आधी सांगितलं की कानाला तेच ऐकू येतं. एखादं भावगीत उलटं लावून बघा, त्यातूनही शेजाऱ्याचं नाव काढून दाखवतो.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दोन मुलांची शाळा सुटली होती, घरात मारहाण होती, दारू आणि ड्रग्ज होती. हे सगळं त्याच खटल्यात बाहेर आलं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही. पालकांना त्यातून एवढंच कळतं की पोराच्या प्लेलिस्टवर नजर ठेवा. पोरगं गप्प का असतं, जेवत का नाही, हे विचारायचं राहूनच जातं. मावशी, हेडफोन कपाटात ठेवून तू नेमकं तेच केलंस.

बोटांच्या शिंगांचं थोडक्यात सांगतो. मेटलच्या स्टेजवर ही खूण रूढ केली गायक रॉनी जेम्स डिओने, आणि ती आपण इटालियन आजीकडून उचलली असं तो सांगायचा. आजी ती वाईट नजर लागू नये म्हणून करायची. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या घराला यात सैतान दिसावा, कमाल आहे. भरतनाट्यम शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला 'सिंहमुख' मुद्रा करून दाखवायला सांगा आणि तिच्या तर्जनी-करंगळीकडे बघा.

व्यसनांचं. पंकमधूनच 'स्ट्रेट एज' नावाची चळवळ निघाली. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट बँडने त्या नावाचं गाणं केलं आणि दारू, सिगारेट, ड्रग्ज काहीच नको म्हणणारी पोरं हातावर काळी फुली काढून कार्यक्रमांना यायला लागली. न्यूयॉर्कच्या हार्डकोरमध्ये, म्हणजे पंकच्या आणखी आक्रमक प्रकारात, तर कृष्णभक्त भरलेले होते. क्रो-मॅग्ज बँडच्या १९८६ च्या अल्बमचं नाव 'द एज ऑफ क्वारल', म्हणजे आपलं कलियुग. शेल्टर बँडचा गायक हरे कृष्ण पंथात दीक्षा घेतलेला. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा या लोकांचं सोवळं कडक होतं. सगळेच असे होते का? नाही. दारूने वाया गेलेले मेटलवाले मोजायला बसलो तर रात्र संपेल.

हिंसेबद्दल मात्र खाली मान घालावी लागते. नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल या उपप्रकारातल्या काही जणांनी नव्वदीच्या सुरुवातीला खरोखर चर्च जाळली, १९९३ मध्ये खूनही झाला. त्याची सारवासारव करणार नाही. पण ते मूठभर लोक होते आणि त्यांना शिक्षाही झाल्या. साध्या श्रोत्यांचं म्हणाल तर २०१५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाने ३९ जणांवर प्रयोग केला होता. आधी त्यांना राग आणला, मग काहींना त्यांच्या आवडीचं मेटल ऐकवलं. राग वाढला नाही, उतरलाच. प्रयोग छोटा आहे, पण फॉरवर्डमध्ये तेवढाही नाही.

राहिला 'गोंगाट'. पंकमध्ये पुष्कळदा तीनच कॉर्ड असतात, हे खरं. नॉक्ड लूज या बँडचा २०२४ चा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि तेवढ्यात शेजारी दार वाजवतात, हेही खरं. पण ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' ऐका. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातलं एक श्रीमंत घर, वडिलांचं मृत्युपत्र वाचलं जातंय, एकेका कलमासरशी वारसांची गुपितं बाहेर पडताहेत. गाण्यांना नावं नाहीत, कलमांचे आकडे आहेत, फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे. मधे जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनची बासरी. इस्टेटीच्या भांडणावर अख्खा अल्बम! याहून घरगुती विषय आपल्याकडे तरी कोणता? ब्लड इन्कँटेशन या बँडच्या 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'मध्ये दोनच रचना आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आसपास. डेथ मेटल या गुरगुरत्या उपप्रकारातून अलगद सिंथेसायझरवर जातात आणि परत येतात. ॲमिल अँड द स्निफर्स या पंक बँडच्या 'कार्टून डार्कनेस'मध्ये मात्र सरळ चार शिव्या आणि एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी गिटारची धून, आहे, मला तेही चालतं. आणि 'इन्व्हिन्सिबल शील्ड' आला तेव्हा हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता. पहिल्याच गाण्यात एवढ्या वरच्या पट्टीतल्या किंकाळ्या या वयात मारायच्या तर रियाज लागतो, सैतान पुरत नाही.

संस्कृतीचा मुद्दा तर शिळा झालाय. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने २००८ चा जागतिक दौरा सुरू केला तो १ फेब्रुवारीला मुंबईतून. गायक ब्रूस डिकिन्सन त्या दौऱ्यात बँडचं विमान स्वतः चालवायचा. डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब हे बँड मुंबईचेच, वीस वर्षांच्या आसपास जुने. त्याही आधी धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाला पोरं तुफान गर्दी करायची. तिथले कार्यक्रम बंद पडले ते हॉस्पिटल-कॉलेज शेजारी म्हणून लागू झालेल्या शांतता क्षेत्राच्या नियमामुळे. सैतानाने तिथेही काही केलं नव्हतं.